रिलायन्सची सुरुवात तेलापासून झाली होती का?

नाही, नवी मुंबईतील ज्या संकुलाला रिलायन्सचे संस्थापक धीरूभाई अंबानी यांचे नाव आहे ते पाहून आपण विचारलेला प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्यांच्या उद्योगाची सुरुवात तेलापासून नव्हे, तर मसाले आणि सुताच्या व्यापारापासून झाली. गुजरातमधील चोरवाड येथे 1932 मध्ये जन्मलेले धीरूभाई येमेनमधील एडन बंदरातील नोकरी सोडून 1958 मध्ये मुंबईत परतले आणि मशीद बंदर भागात त्यांनी व्यापार सुरू केला. 1966 मध्ये अहमदाबादजवळील नरोड्याची कापड गिरणी व पुढे त्या कापडाचे 'विमल' हे नाव आले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचे खरे मर्म यापुढच्या क्रमात आहे, कारण कापडासाठी लागणारे सूत, सुतासाठी लागणारी रसायने आणि रसायनांसाठी लागणारे तेल, असे ते कच्च्या मालाच्या दिशेने उलटे सरकत गेले. पनवेलपलीकडचा पाताळगंगा येथील पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना हा त्यातलाच टप्पा, तर जामनगरची रिफायनरी 1999 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या अवघी तीन वर्षे आधी, सुरू झाली. मात्र एडनमध्ये ते जिथे नोकरीला होते ती ए. बेस ही कंपनी शेलच्या तेल उत्पादनांची वितरक होती, त्यामुळे तेलाचा व्यवहार त्यांना अगदीच अपरिचित नव्हता.