भाऊ जन्मठेप भोगतोय. जमिनीच्या वाट्यासाठी त्याला तुरुंगातून दिवाणी दावा लावता येतो का? कागद काय लागतात?

तुम्ही लिहिलंय की चुलत्यांनी तुम्हा दोघा भावांना वगळून वडिलोपार्जित जमिनीचं वाटप उरकलं आणि मोठा भाऊ आत आहे. मी दिवाणी बाजूला वकिली करतो. अशा दोन-तीन फायली माझ्याकडे आल्या होत्या, त्या जोरावर लिहितो.

दावा लावता येतो. शिक्षा झाली म्हणून जमिनीवरचा हक्क जात नाही. शिक्षेबरोबर कैद्याची सगळी मालमत्ता सरकारजमा करायची तरतूद दंड संहितेत एकेकाळी होती, पण ती १९२१ सालीच रद्द झाली. अडचण एकाच ठिकाणी येते. ज्याच्या खुनाबद्दल शिक्षा झाली त्याचाच वारसा मागत असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २५ आडवं येतं. गुन्हा कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, मलाही विचारायचं नाही. पण वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

खरी काळजी मुदतीची करा. माणूस आत असेपर्यंत मुदत थांबते असं बऱ्याच जणांना वाटतं. थांबत नाही. मुदत कायदा १९६३, कलम ६ मधली सवलत अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांना आणि मानसिक असमर्थ व्यक्तींना आहे, कैद्यांना नाही. कलम ५ची विलंबमाफी अपिलांना आणि अर्जांना मिळते, मूळ दाव्याला नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलं असेल, तर ते कळल्यापासून १२ वर्षं मिळतात. पण भावाच्या सहीचा एखादा दस्त फसवून करून घेतला असेल आणि तो रद्द करून हवा असेल, तर हकीकत कळल्यापासून फक्त ३ वर्षं. 'सुटून आल्यावर बघू' हे कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

दुसरा घोळ दाखल करण्याचा. फौजदारी अपील कैद्यानं तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती दिलं की ते कोर्टात पोचवणं हे त्या अधिकाऱ्याचं काम. दिवाणी प्रक्रिया संहितेत दाव्यासाठी अशी सोय नाही. वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ कागद, कोर्टात सादर झालं तीच तारीख धरतात. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात कागद तुरुंगात सहीला पाठवला आणि तो तिथं पडून राहिला, तर दावा गेला समजा.

सह्या कुठं लागतात? वकीलपत्रावर, वादपत्रावर, वादपत्राखालच्या प्रतिज्ञालेखावर ('वरचा मजकूर खरा आहे' असं सांगणारा भाग) आणि त्याला जोडलेल्या शपथपत्रावर. माझ्या पहिल्याच फायलीत इथं गंमत झाली होती. टायपिस्टनं सवयीनं प्रतिज्ञालेखात तालुक्याचं गाव आणि दाखल करायची तारीख टाकून ठेवली. कागद तुरुंगात गेला, तीन आठवड्यांनी परत आला. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, त्यावर अर्धवट चढलेला जेलचा गोल शिक्का, शेजारी अधिकाऱ्याची सही आणि भलतीच तारीख. म्हणजे आमचा अशील एका ओळीत तालुक्याला हजर आणि दुसऱ्या ओळीत बरॅकमध्ये! प्रतिज्ञालेख कुठं आणि कधी सही केला ते लिहायलाच लागतं (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ६, नियम १५), त्यामुळे समोरच्या वकिलांनी उलटतपासात त्यावर चांगला अर्धा तास काढला. दावा त्यापायी बुडाला नाही, पण घाम फुटला. तेव्हापासून ठिकाण आणि तारीख मी कोरी सोडतो, सही होते तिथंच ती हातानं भरून घेतो. अंगठा असेल तर मजकूर वाचून दाखवल्याची ओळही.

भावाला इतक्यात संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजा मिळणार असेल, तर या सह्या घरीच उरकून घ्या. मात्र रजेची वाट बघत मुदत घालवू नका.

प्रत्येक वेळी तुरुंगात कागद पाठवणं नको असेल तर मुखत्यारपत्र करा. कैद्याला त्यासाठी नोंदणी कार्यालयात यावं लागत नाही. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे दुय्यम निबंधक खात्री करायला तुरुंगात जाऊ शकतो. मुखत्याराला दाव्यावर सही करता येते. साक्ष मात्र त्याला जे स्वतःला ठाऊक आहे तेवढ्याचीच देता येते. भावाच्या मनातली, त्यानंच पाहिलेली गोष्ट मुखत्यार सांगू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानकी भोजवानी प्रकरणात २००५ मध्ये स्पष्ट केलंय. मग भावाची साक्ष? तुरुंग कोर्टापासून २५ किलोमीटरहून लांब असेल, तर कमिशनवरची साक्ष (कोर्टानं नेमलेला माणूस तुरुंगात जाऊन नोंदवतो ती) पुरेशी नाही असं पटल्याशिवाय कोर्ट त्याला हजर करण्याचा आदेश देत नाही (त्याच संहितेचा आदेश १६-अ). कमिशन किंवा व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), दोन्हींसाठी अर्ज आधीच द्यायचा.

पैशांचं म्हणाल तर नादारीच्या, म्हणजे कोर्ट फी भरायची ऐपत नाही अशा, अर्जामागे लागू नका. तो अर्जदारानं जातीनं सादर करायचा असतो. कोर्टानं हजेरी माफ केली तरच प्रतिनिधी चालतो, आणि त्या प्रतिनिधीला सगळ्या प्रश्नांची उत्तरं देता यायला हवीत. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील देतं, कोर्ट फीचा खर्चही त्यातून होऊ शकतो. प्रकरणात तथ्य दिसलं पाहिजे, एवढंच. हेल्पलाइन १५१००.

उलट चुलत्यांनीच भावावर दावा लावला, तर समन्स तुरुंगाच्या प्रमुखामार्फत बजावतात. लेखी कैफियतीला (दाव्याच्या उत्तराला) ३० दिवस, कोर्टानं वाढवले तर ९० पर्यंत. मुलाखतीला जाल तेव्हा एखादा कागद आलाय का, विचारत जा.

आता तुमच्या बाबतीत मी काय करीन ते सांगतो. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार करावेच लागतात, आणि तुमचाही हिस्सा डावललेला आहे. मग वादी क्रमांक १ तुम्ही व्हा, भाऊ क्रमांक २. तारखांना तुम्ही हजर, घरातली हकीकत तुम्हाला स्वतःला ठाऊक, त्यामुळे बरीचशी साक्षही तुमचीच. भावाचा पत्ता म्हणून घरचाच द्या, कारण त्याला उद्या दुसऱ्या कारागृहात हलवलं तर कोर्टाच्या नोटिसा तिसरीकडेच फिरत राहतील. वाटपाचा फेरफार कोणत्या तारखेचा आहे आणि भावाला ते कधी कळलं, एवढं खाली लिहा; मुदत किती उरली ते त्यावरून सांगता येईल.