फिट आली की कांदा नको, कुशीवर वळवा

प्रश्न : ताई, मागच्या आठवड्यात स्वारगेटला माझ्या १९ वर्षांच्या भाच्याला अचानक फिट आली, कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगवली, एकजण दातात चमचा घालत होता. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. काय करू? (कोथरूडची मावशी)

उत्तर : मावशी, बाहेरचं काही नाहीये हो. मेंदूतल्या पेशींचे विजेचे सिग्नल एकदम गडबडले की फिट येते, आणि बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते म्हणून लोकांना वाटतं चपलेनं थांबली. चमचा तर प्लीज कधीच नको, दात तुटतात, आणि जीभ काही गिळली जात नाही. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली ओढणी ठेवा, दाबून धरू नका आणि घड्याळ बघा, ५ मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर यायच्या आत परत आली तर लगेच १०८ला फोन करून अॅम्ब्युलन्स बोलवा.

एका फिटवरून मिरगीच आहे असं नसतं. साखर उतरणं, डोक्याला मार, इन्फेक्शन, बरीच कारणं. आपल्याकडे फीतकृमीची (पट्टीसारखा लांब जंत) अंडी नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात आणि अळ्या मेंदूत गाठी करतात, अगदी शाकाहारी घरातसुद्धा! न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या सिग्नलची तपासणी), एमआरआय सांगतील, पण तुम्ही डोळ्यांनी काय बघितलं तेही त्यांना सगळं सांगा, त्यावरून खूप कळतं. काही फिटमध्ये झटके नसतातच, माणूस नुसता शून्यात बघत राहतो. गोळ्या सुरू झाल्या तर मनानं बंद करायच्या नाहीत, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याच्याकडून बाइकची किल्ली काढून घ्या.