‘सौ. काकू’ नेमक्या कोण?

प्रश्न : माझे पणजोबा वाईला शाळामास्तर होते. त्यांची शके १८३९ ते १८४१ ची मोडीतली रोजनिशी माळ्यावर सापडली. ओळखीच्या एकांकडून वाचून घेतली, पण त्यात नुसते ‘ती. अप्पा’, ‘सौ. काकू’, ‘गंगापुरीतले भटजी’ आणि ‘नाना, उसने ११ रु.’ आडनाव एकाचंही नाही. ही माणसं शोधायची कशी? — एक वाचक, ठाणे

उत्तर : घरच्या माणसाचं आडनाव स्वतःच्या वहीत कोण लिहितं? तुमच्या मोबाइलमध्ये तरी आई आडनावासकट आहे का? तेव्हा आडनावाचा नाद सोडा, नावाच्या आधी काय आहे ते बघा. ‘ती.’ म्हणजे वडीलधारं, ‘चि.’ म्हणजे धाकटं, ‘रा. रा.’ लावलेला बहुधा परका.

माझ्या आजोबांच्या वहीत एक ‘सौ. वहिनी’ होत्या. शके १८४० च्या आश्विनात त्या अचानक ‘गं. भा. वहिनी’, म्हणजे विधवा, झाल्या. मधे मृत्यूचं अक्षर नाही. आधल्या पानावर फक्त ‘सुंठ, काढ्याचे सामान, सव्वा आणा’. शकात ७८ मिळवायचे (जानेवारी ते पाडवा ७९), म्हणजे हा १९१८ चा ऑक्टोबर. इन्फ्लुएंझाची साथ तेव्हा ऐन भरात होती. आजोबांचा भाऊ कधी गेला ते असं दोन अक्षरांवरून कळलं.

मग तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गावचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, काढले. खातेदार गेला की वारसाची नोंद होते. तिथे मुलाचं नाव, तो ‘अज्ञान’ (वयाने लहान), आणि पुढे ‘अ. पा. क. (अज्ञान पालन कर्ता) आई’ म्हणून वहिनींचं पूर्ण नाव! घरात तोवर ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माहेरचं नाव मात्र तिथे मिळत नाही, लग्नात बदललेलं असतं. जमीन नसेल तर कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ पाहा, जन्म-मृत्यू त्यात असतात.

तुमचे पणजोबा मास्तर, ही तर चैनच. ती शाळा अजून चालू असेल तर तिचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्यांची वही, मागा. वहीतला एखादा ‘चि.’ विद्यार्थी निघाला, तर पालकाच्या नावासकट सापडेल. भटजींसाठी वाईच्या गंगापुरी पेठेत जुन्या घरांतून विचारा. नाशिक-त्र्यंबकला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये (यजमानांच्या नोंदी ठेवणारे तीर्थक्षेत्रातले भटजी) असतील, तर त्यांची वहीही उघडवा. यात्रेला कोण-कोण बरोबर होतं ते तिथे असतं.

वाचन मात्र दुसऱ्याकडून एकदा तपासून घ्या. मोडीत आधी रेघ ओढून शब्द न तोडता लिहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नसत. एका कागदातले ‘बापूजी वाणी’ की ‘बापू जिवाणी’, यावर वाचणारे आम्ही दोघं दोन महिने भांडलो. (वाणीच निघाले. मी हरले.) आणि फाटल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, आधी फोटो काढा.

नानांचे वंशज सापडले तर चहाला जरूर जा. ११ रुपयांचा विषय पहिल्या भेटीत नको.