वाचक विचारतात : काट्यावरची श्रद्धा

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत माझं किराणा दुकान आहे. रविवारची उपासना कधी चुकत नाही, दशांशही (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) देतो. पण सुटा माल तोलताना दहा-पंधरा ग्रॅम इकडचे तिकडे होतात. इथे सगळेच करतात. ख्रिस्ती दुकानदाराने नेमकं काय करावं?

हा प्रश्न लिहून पाठवलात, तिथेच अर्धं काम झालं. बायबलमध्ये लेवीय 19:35-36 मध्ये खऱ्या तराजूची आणि खऱ्या वजनांची आज्ञा आहे, आणि ती शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेच्याच अध्यायात आहे. काटा आणि प्रीती हे दोन वेगळे विषय नाहीत.

आधी काटा बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि सील दर 12 महिन्यांनी लागतं, तारीख तपासा. रोज दुकान उघडल्यावर पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणा, पारडं पुसा. सील असलेलं 1 किलोचं वजन आधी मधे आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवा. कोपऱ्यावर आकडा बदलत असेल तर काटा दुरुस्तीला द्या. पंख्याचा झोत पारड्यावर येत असला तरी आकडा हलतो. रिकामी पिशवी किंवा डबा ठेवून टेअर (आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबा, मगच माल भरा. 60 ग्रॅमचा पुठ्ठ्याचा डबा खजुराच्या भावात विकणं म्हणजे चोरीच.

आता मुळाकडे येऊ. माप मारायची सवय बहुतेक वेळा लोभातून लागत नाही, घटीतून लागते. 30 किलोची गुळाची ढेप फोडली की चुरा पडतो, पावसाळ्यात गूळ पाझरतो, काही गोणपाटाला चिकटतो. समजा 400 ग्रॅम गेले. ते भरून काढायला दुकानदार काट्यावर हात मारतो. घट काट्यातून काढू नका, भावात धरा. 50 रुपये किलोने घेतलेली ढेप 1500 रुपयांची. विकायला उरले 29.6 किलो, म्हणजे तुमची खरी खरेदी किलोला 50 रुपये 68 पैसे. त्यावर नफा चढवा आणि भाव पाटीवर लिहा. गिऱ्हाइकाला महाग वाटलं तर ते दुसरीकडे जाईल. तो त्याचा हक्क आहे, आणि तुम्हाला तेवढा तोटा सोसावा लागेल.

मागचं काय? गणना 5:6-8 मध्ये हिशेब दिला आहे : पूर्ण रक्कम, वर पाचवा हिस्सा, घेणारं कोणी सापडत नसेल तर ते देवाला. रोज 40 किलो माल, किलोमागे 15 ग्रॅम कमी आणि भाव 60 रुपये धरला तर दिवसाचे 36 रुपये होतात. 300 दिवसांचे 10,800, पाचवा हिस्सा 2,160, एकूण 12,960. उधारीच्या वहीत ज्यांची नावं आहेत त्यांना पुढच्या बिलात वळतं करा, आणि कारण सांगा. उरलेली रक्कम गरजूंना द्या, पण ती दशांशात मोजू नका. ते पैसे तुमचे नव्हतेच.

घरी कामाला येणाऱ्या मावशींना पगार देताना कधी दोन-चार दिवस मागेपुढे होतं. हेही पाप धरायचं का?

धरायचं. मजुराची मजुरी रात्रभरही अडवू नका, असं लेवीय 19:13 सांगतं. तुम्हाला चार दिवस म्हणजे बँकेची सुट्टी, त्यांना चार दिवस म्हणजे दुकानाची उधारी. एक तारीख ठरवा. ती रविवारी आली तर शनिवारी द्या. महिन्याच्या पगारी सुट्ट्या आधीच बोलून ठेवा. उचल दिली तर दोन वह्यांत लिहा, एक त्यांच्याकडे राहू दे. फेड महिन्याला पगाराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त कापू नका, नाहीतर पुढच्याच आठवड्यात नवी उचल मागावी लागते. पंचगंगेचं पाणी वाढून सुतारवाड्यासारख्या वस्त्यांतली घरं हलवावी लागतात, त्या दिवसांचा पगार कापू नका. नाताळात जुन्या साड्या द्यायच्या तर द्या, पण त्या बोनसच्या जागी धरू नका.

वाटणीवरून थोरल्या भावाशी दोन वर्षं बोलणं नाही. येत्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) आहे. घ्यावं की नाही?

मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीजवळच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे. तेव्हा रविवारच्या आधी जा. एकटे जा, मेहुणा, वकील, गावातले चार लोक, कोणीही बरोबर नको. व्हॉट्सअॅपवर माफी मागू नका. तो संदेश संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीत फिरेल. स्वतःची चूक आधी सांगा, आणि ‘पण तू तरी’ हे शब्द तोंडात येऊ देऊ नका. बोलणी फिसकटतात ती इथेच. सातबारा, मोजणी, फेरफार हे विषय त्या दिवशी काढायचे नाहीत. नातं जुळवणं आणि वाटणी करणं ही दोन कामं आहेत. दुसऱ्याला वेगळा दिवस, कागद आणि तिऱ्हाईत लागतो. हक्काचा हिस्सा सोडावाच लागेल असं नाही.

त्याने दार उघडलं नाही तर? रोमकरांस 12:18 सांगतं, तुमच्याकडून होईल तेवढं करा. प्रामाणिकपणे जाऊन आलात तर पाळकसाहेबांशी बोला आणि प्रभुभोजन घ्या. गेलाच नाहीत तर या वेळी थांबलेलं बरं, असं आमचं मत.

सीपीआर या सरकारी रुग्णालयात रुग्णांना भेटायला जातो. सुवार्तेची पत्रकं वाटावीत का?

नको. अंथरुणावरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. दहा मिनिटांत भेट आटपा. प्रार्थना करू का, असं आधी विचारा. नको म्हटलं तर तेवढ्याच मायेने बसा. रुग्णापेक्षा त्याच्या सोबतीला राहिलेलं माणूस जास्त उपाशी असतं. त्याला दोन भाकऱ्या आणि कोरडी भाजी न्या; पातळ भाजी डब्यातून सांडते आणि तिथे धुवायची सोय शोधावी लागते. तो औषधाच्या रांगेत उभा असेल तेवढा वेळ खाटेजवळ थांबा. तुम्ही कोण, कुठले, हे त्याने आपणहून विचारलं तर जरूर सांगा.