होडी, मचवा की नुसतं ‘बोट’?

वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन चित्रसंग्रह आणि टॅग

प्रश्न : आमच्या वाचनालयाने किनाऱ्यावरची जुनी रेखाटनं आणि जलरंगचित्रं स्कॅन केली आहेत, सुमारे ४००. चौघं मिळून टॅग लावतोय. त्याच चित्राला कुणी सहा टॅग लावतं, कुणी तीस. ठेवायचं काय आणि गाळायचं काय?
– एक वाचक, मालवण

उत्तर : चित्रकाराचं नाव, वर्ष, माध्यम, आकार आणि चित्रातलं गाव यांना आधी स्वतंत्र रकाने द्या. ‘जलरंग’ टॅगांच्या गर्दीत टाकला की कुणी तो ‘वॉटरकलर’ लिहितो, कुणी लिहायलाच विसरतो. चित्रात काय दिसतं, एवढंच टॅगांकडे ठेवा.

आता रापणीचं एखादं रेखाटन समोर घ्या. वाळूवर माणसांच्या दोन रांगा दोर ओढताहेत, पाण्यात जाळ्याचा अर्धगोल आहे, बाजूला उलांडीची, म्हणजे तोल सांभाळणारं लाकूड बाजूला बांधलेली होडी आणि मागे माड. ‘रापण’ आणि ‘उलांडीची होडी’ हवेतच. ‘दोर’ नको, कारण दोराशिवाय रापण ओढली जात नाही. ‘माड’ही नको. तुमच्या ४०० चित्रांपैकी बहुतेकांत माड असणार, आणि जो टॅग जवळजवळ सगळ्यांना लागतो तो काहीच निवडून देत नाही. पाडेली (नारळ काढणारा) माडावर चढलाय आणि चित्रच त्याचं आहे, तिथे मात्र जरूर लावा. ‘सुंदर’, ‘शांत’, ‘कष्टाचं जीवन’ हे शब्द बघणाऱ्याच्या मनातले. त्यांना यादीत जागा देऊ नका. आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एकटाच माणूस गोल जाळं फेकत असेल तर ती रापण नव्हे, पाग. दोन्हींना ‘जाळं’ म्हणून मोकळं झालात तर अभ्यासकाला पुन्हा ४०० चित्रं चाळावी लागतील.

प्रत्येक टॅगला एकच प्रश्न विचारा : हा शब्द टाकून शोधणाऱ्याला हे चित्र दिसलं, तर तो ‘हेच हवं होतं’ म्हणेल की ‘हे कशाला आलं?’ एवढ्याने तिसाचे सहा-सात उरतात.

माणसाने फक्त नेमका टॅग लावायचा, वरचा टॅग यादीने आपोआप जोडायचा. ‘मचवा’ लावला की ‘होडी’ येते, ‘रापण’ लावला की ‘मासेमारी’ येते. हा नियम यादीत एकदाच लिहायचा. मचवा की पडाव, म्हणजे होडीचा कुठला प्रकार, हे ओळखता येत नसेल तर एक पायरी वर जा आणि ‘होडी’वर थांबा. चुकीचा नेमका टॅग पुन्हा कुणी तपासत नाही, तो तसाच राहतो.

पहिली ४० चित्रं चौघांनीही एकमेकांचं न बघता टॅग करा. मग याद्या शेजारी मांडा. जिथे जिथे मतभेद निघेल तिथे एका ओळीचा नियम वहीत लिहा, आणि मगच उरलेली ३६० वाटून घ्या. ‘बोट’, ‘नाव’, ‘होडकं’ हे शब्द पुसू नका. ते ‘होडी’चे पर्यायी शब्द म्हणून नोंदवा, शोधणारा तेच टाइप करणार आहे.

प्रश्न : चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला), गंजिफा (रंगवलेले जुने पत्ते) आणि दशावताराची जुनी छापील चित्रं एकत्र आहेत. एका चित्रात नववा अवतार बुद्ध आहे, दुसऱ्यात चक्क विठ्ठल. टॅग कोणता?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : जो दिसतो त्याचा. कमरेवर हात, पायाखाली वीट असेल तर ‘विठ्ठल’, आणि सोबत ‘नववा अवतार’. यादीत नववा बुद्ध आहे म्हणून विठ्ठलाला ‘बुद्ध’ टॅग लावू नये. महाराष्ट्रात नवव्या जागी विठ्ठल काढण्याची परंपरा आहे, आणि नेमकं तेच शोधणारे लोक आहेत.

खरी गफलत ‘दशावतार’ या शब्दातच आहे. रात्री देवळासमोर रंगणारं नाटक तेही दशावतार, विष्णूचे दहा अवतार तेही दशावतार. कंसासह दोन टॅग करा : ‘दशावतार (नाट्य)’ आणि ‘दशावतार (विष्णू)’. नुसता ‘दशावतार’ लावायची सोयच बंद करा. नाहीतर नाटकातल्या संकासुराच्या शेजारी कूर्मावतार येऊन बसतो.

गंजिफातही हाच घोळ. सावंतवाडीच्या दशावतारी संचात १२० पानं. दहा रंग, प्रत्येकी बारा पानं. त्यांतली दहा नुसती चिन्हांची, उरलेली दोन राजा आणि प्रधान. पाच परशू काढलेल्या पानावर परशुराम नाही, म्हणून तिथे ‘परशुराम (गंजिफा)’. साधा ‘परशुराम’ फक्त तो स्वतः दिसतो तिथेच. गंजिफाच्या भाषेत रंग म्हणजे अवतारांची रांग. तांबड्या-पिवळ्या रंगाचा रकाना वेगळा ठेवा.

चित्रकथीला ‘पिंगुळी’ की ‘पैठण’, हे नोंदवहीत लिहिलेलं असेल तरच लावा. शैलीवरून अंदाज बांधू नका. नुसतं ‘चित्रकथी’ पुरेसं आहे.

प्रश्न : ‘ॲक्रिलिक’ टाकून शोधलं तर निम्मीच चित्रं येतात. टॅग तर सगळ्यांना लावलाय.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : डोळ्यांना एक, संगणकाला दोन. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टाइप होतं, किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन, कीबोर्डावर अवलंबून. ‘पायऱ्या’मधला आडवा रकारही दोन प्रकारे येतो : ‘ऱ’ वापरून, किंवा ‘र्’ नंतर न दिसणारा जोडक घालून. ‘रत्न’मध्येही तो जोडक कधी कधी लपलेला असतो. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, या जोड्या एक करत नाही. स्वतःची बदलयादी करा आणि ती साठवलेल्या टॅगांवर आणि शोधाच्या चौकटीवर, दोन्हीकडे चालवा. टॅगाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही काढा. ‘गंजिफा’ आणि ‘गंजीफा’ मात्र खरोखर दोन लेखनं आहेत; तिथे एक मुख्य, दुसरं पर्यायी.

प्रश्न : परदेशी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर विजयदुर्गाची चित्रं सापडत नाहीत.
– एक वाचक, देवगड

उत्तर : विजयदुर्गाच्या ‘घेरिया’ या जुन्या नावाने शोधा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये जी नंतरचा आणि शेवटचा एच कधी असतो, कधी नसतो. सगळे प्रकार करून बघा. चित्रकार डॉमिनिक सेरेसचं या किल्ल्यावरच्या हल्ल्याचं तैलचित्र ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे. लढाई १७५६ ची, चित्र १७७१ चं, त्यामुळे वर्षाच्या गाळणीत ते निसटू शकतं. सुवर्णदुर्गासाठी ‘सेव्हर्नड्रूग’ टाका, पण त्या नावाने लंडनमधला १७८४ चा विटांचा मनोराही समोर येईल. हर्णैजवळच्या किल्ल्यावरच्या विजयाची आठवण म्हणून तो बांधला. तुमच्या संग्रहात दोघांचीही चित्रं असतील तर ‘सेव्हर्नड्रूग (लंडन)’ वेगळा टॅग करा.