टेक कंपन्यांपैकी कोणाचं सॉफ्टवेअर खरंच चांगलं आणि कोण नुसतं नावावर खातंय?

तुमचा प्रश्न असा आहे की मायक्रोसॉफ्ट, ॲपल, गूगल, मेटा यांच्यात कोणाच्या मालात दम आहे, कोणाचं नुसतं ब्रँडिंग आहे, आणि या सगळ्यांना वैतागलेल्या माणसाने सरळ लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकावं का. माझं मत देतो, पण मी कुठे बसून बोलतोय ते आधी सांगायला हवं. मी पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराची, कामं घेतो. सदाशिव-नारायण पेठेतले छापखाने, टिळक रोडवरची सीए मंडळी, कोथरूड-कर्वेनगरमधले काका-काकू ज्यांची मुलं परदेशात आहेत, असं माझं गिऱ्हाईक. हिंजवडीच्या कंपन्या आमच्या वाट्याला येत नाहीत, त्यांचा आयटी विभाग त्यांचा तो बघून घेतो.

माझी फूटपट्टी एकच. ज्याचे पैसे घेऊन झालेत त्या जुन्या गिऱ्हाइकाशी कंपनी कशी वागते? नव्या गिऱ्हाइकासाठी पाट-रांगोळी सगळेच करतात.

मायक्रोसॉफ्टबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते फारसं कोणी बोलत नाही. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात आजही पेजमेकर, म्हणजे ॲडोबीचं छपाईची पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर, चालतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ सालची. ॲडोबीने तोवर त्याच कामाचं नवं इनडिझाइन बाजारात आणलं होतं, आणि २०१३ पासून तर नवीन बहुतेक सगळंच भाड्याने द्यायला सुरुवात केली. छापखान्याचे मालक मात्र पेजमेकरवरून हललेले नाहीत. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. श्रीलिपी आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या त्या फॉन्टांचा हिशेब असा, की फाइलमध्ये साठतात इंग्रजी कीबोर्डवरची चिन्हं आणि त्यांच्यावर देवनागरीचा चेहरा चढवतो तो फॉन्ट. फॉन्ट नसलेल्या मशिनवर तीच फाइल उघडली की गणेशाच्या श्लोकाच्या जागी कंस, डॉलर आणि प्रश्नचिन्हांची खिचडी. मी त्यांना इनडिझाइनचं सुचवलं की म्हणतात, "घेतो की. आधी ही जुनी पानं त्यात जशीच्या तशी उघडून दाखव." तिथे माझं तोंड बंद होतं.

आता हे सगळं अजून तग धरून आहे ते विंडोजच्या जिवावर. बत्तीस बिटचे, म्हणजे आधीच्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले, जुने प्रोग्रॅम विंडोज ११ वरसुद्धा बहुतेक करून चालतात. ॲपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आणलं आणि बत्तीस बिटचे सगळे प्रोग्रॅम एका दमात बाद केले. वीस वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर निमूट चालवणं ही मायक्रोसॉफ्टची सगळ्यात मोठी कारागिरी आहे, आणि तिची जाहिरात मी तरी कधी पाहिलेली नाही. जाहिरात करतील कशी? "तुम्हाला नवीन काही घ्यायची गरज नाही" असं म्हणून माल खपत नाही.

मराठीच्या बाबतीतही थोडं श्रेय द्यायलाच हवं. विंडोज २००० सोबत मंगल फॉन्ट आला आणि फुकटात युनिकोड देवनागरी मिळाली. एक्सपीच्या काळात मात्र ती जागी करावी लागायची. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल सेटिंगमध्ये जा, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत टिक करा, मग ते म्हणणार एक्सपीची सीडी घाला. सीडी कोणाकडे असायची! असेंबल करणाऱ्याने एकाच सीडीवरून अख्ख्या पेठेला विंडोज टाकून दिलेलं. ज्यांना हे जमलं नाही त्यांच्या स्क्रीनवर मराठी म्हणजे चौकोनांची रांग.

पण हीच कंपनी नाव ठेवायला बसली की काय खाऊन बसते कळत नाही. ऑफिस हे जगातल्या सगळ्यात ओळखीच्या नावांपैकी एक. त्याचं ऑफिस ३६५ केलं, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या ॲपच्या नावाला कोपायलटचं, म्हणजे त्यांच्या एआय मदतनिसाचं, शेपूट लावलं. हा कोपायलट आधी बिंग चॅट होता, २०२३ मध्ये वर्षाच्या आत त्याचं बारसं पुन्हा झालं. प्रोग्रॅमरांचा गिटहब कोपायलट वेगळा, विंडोजमधला वेगळा, वर्डमधला आणखी वेगळा. २०२४ पासून कीबोर्डवर त्याचं स्वतंत्र बटणही आलं. कर्वेनगरच्या एका काकूंनी नव्या लॅपटॉपवर ते पाहून विचारलं, "हे रिमोटवर नेटफ्लिक्सचं बटण असतं तसलं का रे?" मला याहून नेमकं वर्णन अजून सुचलेलं नाही.

नावापुरता गोंधळ असता तर हसून सोडून दिलं असतं. पण त्या शेपटासोबत पैसेही वाढले. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टला याच कारणासाठी कोर्टात खेचलं. आयोगाचं म्हणणं असं, की कोपायलट जोडून वर्गणी वाढवली तेव्हा कोपायलटशिवायचा जुन्या दरातला 'क्लासिक' प्लॅनही होता, पण तो दिसायचा गिऱ्हाईक वर्गणी बंद करायला निघाल्यावरच. कंपनीने नंतर गिऱ्हाइकांची माफी मागितली. माझ्या मते कंपनीचा स्वभाव लोगोत शोधायचा नसतो, 'नको' म्हणायचं बटण तिने कुठे ठेवलंय तिथे तो दिसतो.

विंडोज १० चं तर सगळ्यांनाच माहीत आहे. २०१५ मध्ये कंपनीच्याच एका माणसाने व्यासपीठावरून सांगितलं होतं की हे विंडोजचं शेवटचं व्हर्जन. ऑक्टोबर २०२१ मध्ये ११ आलं. त्याला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची चिप) हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. म्हणजे २०१६-१७ मध्ये घेतलेली, एसएसडी टाकून आजही सुसाट पळणारी मशिनं कागदोपत्री म्हातारी झाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला. घरगुती गिऱ्हाइकाला आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळतात खरे, पण त्यासाठी पैसे भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करून सेटिंग त्यांच्या क्लाउडवर ठेवा. जुना प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या कंपनीला जुनं मशिन सांभाळवलं नाही, हे मला खरोखर खटकतं.

ॲपलकडे या. सप्टेंबर २०२५ मध्ये कोरेगाव पार्कात कोपा मॉलमध्ये त्यांचं स्वतःचं दुकान उघडलं आणि पहिल्या दिवशी रांगा लागल्या. आपल्या शहरात दुकानदार गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नाही असा लौकिक, तिथे टाळ्या वाजवून आत घेणारं दुकान म्हटल्यावर लोक बघायला जाणारच. ब्रँडिंग यांच्याइतकं कोणाला जमत नाही हे मान्य. पण नुसतं ब्रँडिंग आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षा अपडेट आला होता. नऊ-दहा वर्षांच्या फोनकडे अँड्रॉइडच्या दुनियेत कोण ढुंकून बघतं? उलट बाजूही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावं लागलं की बॅटरी जुनी झालेल्या फोनांचा वेग ते अपडेटमधून कमी करत होते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण दिलं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते पटण्यासारखं आहे. पण मालकाला न सांगता? नवी बॅटरी टाकून काम भागणार होतं तिथे कित्येकांनी नवा फोन घेतला असणार. जुन्या गिऱ्हाइकाला ॲपल चांगलं वागवतं, फक्त आपल्या वाड्यात राहायचं आणि वाड्याचे नियम पाळायचे ही अट असते.

गूगलचं काम अफाट आणि चित्त अजिबात थाऱ्यावर नाही. जीमेल २००४ पासून त्याच नावाने, त्याच पत्त्यावर चालू आहे, त्याबद्दल हात जोडतो. पण गप्पा मारायच्या ॲपचं बघा. २००५ मध्ये गूगल टॉक, २०१३ मध्ये हँगआउट्स, २०१६ मध्ये ॲलो आणि ड्युओ, २०१९ मध्ये ॲलो बंद, २०२२ मध्ये ड्युओ मीटमध्ये विलीन. परदेशातल्या नातवाशी बोलायला काकांना एक ॲप शिकवून यावं आणि पुढच्या खेपेला त्याचं नावच बदललेलं असावं. शेवटी सगळे व्हॉट्सॲपवर गेले आणि तिथेच राहिले, कारण तिथलं हिरवं चिन्ह जागचं हललं नाही. पैसे पाठवायचं ॲप २०१७ मध्ये तेज म्हणून आलं आणि वर्षाच्या आत गूगल पे झालं. हा एक बदल मात्र फळला.

फोटोंचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण 'स्टोरेज फुल' म्हणून मला येणारे निम्मे फोन त्याचेच असतात. २०१५ मध्ये गूगल फोटोजने जरा दाबलेल्या दर्जाचे फोटो अमर्याद आणि फुकट ठेवायला दिले. लोकांनी मुंजी, बारशी, केदारनाथ, सगळं ओतलं. १ जून २०२१ पासून ते बंद झालं आणि नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले, तेही जीमेल आणि ड्राइव्हसकट. त्या तारखेच्या आधी त्या दर्जात ठेवलेले फोटो मात्र मोजत नाहीत, हा प्रामाणिकपणा त्यांनी राखला. म्हणून जागा करायची म्हणून २०१८ चे फोटो उडवत बसू नका, बहुतेकदा त्याने काहीच सुटत नाही. आधी मोठे व्हिडिओ आणि जीमेलमधल्या जड अटॅचमेंट शोधा.

आणि सर्चमध्ये गूगल नंबर एक आहे ते फक्त चांगलं आहे म्हणून, असं वाटत असेल तर एक आकडा सांगतो. आयफोनच्या सफारीत आपलं सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून गूगलने ॲपलला २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. लोक सेटिंग बदलत नाहीत, या एका गोष्टीची ती किंमत. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला होता.

मेटाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फेसबुकने २०२१ मध्ये पाटी बदलली, दुकान तेच.

तुम्ही फक्त परदेशी कंपन्यांचं विचारलंत, पण माझ्या फूटपट्टीवर पहिला नंबर हिशेबाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या बंगळूरच्या टॅलीचा लागतो. २०२० मध्ये त्यांनी टॅलीप्राइम आणलं, रूपडं पार बदललं. टिळक रोडवरच्या एका सीएंकडे मी ते टाकायला गेलो तेव्हा तिथल्या अकाउंटंट बाई कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. मग त्यांनी एफ ५ दाबलं, पेमेंट आलं. एफ ६, रिसीट. एफ ८ ला सेल्स, एफ ९ ला पर्चेस. आठ्या गेल्या, बाई कामाला लागल्या. बोटांना सवय असलेल्या जागा हलवायच्या नाहीत हे ज्याने कोणी ठरवलं त्याला मी चहा पाजायला तयार आहे.

याच्या उलटचा नमुना म्हणजे आमच्या एका गिऱ्हाइकाकडचा प्रिंटर. नाव घेत नाही. तपकीर गल्लीतून आणलेलं दुसऱ्या बनावटीचं कार्ट्रिज त्यात व्यवस्थित चालत होतं, एका रात्री अपडेट झाला आणि सकाळी म्हणाला, हे कार्ट्रिज मी ओळखत नाही. प्रिंटर गिऱ्हाइकाचा, शाई गिऱ्हाइकाची, आणि हुकूम दुसऱ्याचा.

राहता राहिलं लिनक्स. काम ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल आणि थोडं टायपिंग एवढंच असेल तर जरूर टाका. विंडोज ११ ने नाकारलेल्या मशिनवर मी लिनक्स मिंट टाकून देतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजवरून आलेला माणूस बावचळत नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण कळरचना) कीबोर्ड आत तयारच असतो. पण टॅली, श्रीलिपीच्या जुन्या फाइली किंवा डिजिटल सहीचा टोकन यांपैकी काहीही रोजच्या कामात असेल तर त्या वाटेला जाऊ नका, विंडोजच ठेवा. आणि टाकणारच असाल तर आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, मिंट पेनड्राइव्हवरून चालू करा, वायफाय, आवाज आणि प्रिंटर ओळखतोय का ते दोन-तीन दिवस वापरून बघा, मगच डिस्कला हात लावा.