वाचक विचारतात: नाशिकच्या वाईनरी, 12 हजारांत

प्रश्न : आम्ही दोघं. पेट्रोलवरची छोटी गाडी, तीन दिवस, दोन मुक्काम, सगळं मिळून 12 हजार रुपये. एवढ्यात नाशिकच्या वाईनरी बघून होतील का? कधी जावं? (एक वाचक, परभणी)

होतील, पण वाईनरीच्या आवारातच राहायचा हट्ट सोडा. तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात नाशिक शहरात साध्या लॉजच्या दोन रात्री आरामात निघतात.

सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलचा. जाऊन-येऊन सुमारे 750 किलोमीटर, तिथलं फिरणं 90. गाडी लिटरला 18 देत असेल तर 47 लिटर लागेल, म्हणजे 105 च्या दराने पाच हजारांच्या आसपास. परभणीला पेट्रोल येतं मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, आणि वाहतुकीचा खर्च दरात चढतो. म्हणून निघताना नाशिक गाठण्यापुरतंच भरा, परतताना येवल्यात टाकी फुल करा. चहा-नाश्त्याचे पैसे सुटतात.

जाताना जालन्यापासून समृद्धी घ्या आणि सिन्नरजवळ गोंद्याला उतरा. टोल किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास, म्हणजे साधारण 400. टायरची हवा घरून निघतानाच, टायर थंड असताना तपासा. सिमेंटच्या रस्त्यावर वेगात टायर तापून हवेचा दाब वाढतो. मध्येच थांबून ती ‘जास्तीची’ हवा सोडली की गार झाल्यावर टायर मऊ पडतो, आणि मऊ टायर पुढच्या टप्प्यात आणखी तापतो. येताना निफाड, विंचूर, येवला, वैजापूर या रस्त्याने या, समृद्धीचा टोल वाचतो. (येवल्यात पैठणीच्या दुकानासमोर गाडी थांबली तर मात्र आमचा हिशोब विसरा.)

उरलेल्यात लॉज तीन हजार, दोघांचं टेस्टिंग (चवीपुरत्या वाईन चाखणं) हजार-बाराशे, रिक्षा सहाशे आणि बाकी जेवणखाण. वाईनरीतलं रेस्टॉरंट टाळून दुपारी शहरात मिसळ खाल्ली तर हे बसतं.

जानेवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात हा काळ धरा. तेव्हा तोडणी चालू असते, द्राक्षांचे क्रेट उतरताना आणि रस काढणारे प्रेस चालताना दिसतात. एप्रिलच्या खरड छाटणीत वेल पार छाटतात, त्यानंतर बागेत नुसत्या काड्या. पाय घालून द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम हौसेपुरता आहे, त्याचे वेगळे पैसे मोजू नका. शनिवार-रविवार टाळा, आणि 26 व 30 जानेवारीच्या ड्राय डेला तर जाऊच नका.

सुला, यॉर्क, सोमा या गंगापूर धरणाच्या बाजूला आहेत, शँडॉन दिंडोरीकडे, ग्रोव्हर झाम्पा इगतपुरी तालुक्यात. तिन्ही दिशा एका खेपेत गाठायला गेलात तर सगळा वेळ गाडीतच जाईल. गंगापूरची एक बाजू पुरे, आणि दिवसाला एकच टेस्टिंग. दुसऱ्या ठिकाणी फक्त फेरफटका मारा. नुसती बाग बघायची तर जालन्याजवळचं कडवंची वाटेवरच आहे, पण तिथली द्राक्षं खायची. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं असतं.

प्रश्न : टेस्टिंगला घोट-घोटच देतात ना? मग लगेच गाडी चालवायला काय हरकत? (एक वाचक, लातूर)

हरकत आहे. एका वाईनचे साधारण 30 मिली म्हटले तरी पाच वाईन मिळून 150 मिली, म्हणजे भरलेला एक ग्लास. 12-13 टक्क्यांच्या वाईनमध्ये एवढ्यात 15 ग्रॅम अल्कोहोल आलं. कायद्याची मर्यादा रक्ताच्या 100 मिलीत 30 मिलीग्रॅम. 70 किलोचा पुरुष एवढ्यावर त्या मर्यादेला टेकतो, 60 किलोची बाई 45 च्या आसपास जाते. पकडलं गेलं तर पहिल्याच वेळी 10 हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे सहलीचं जवळपास सगळं बजेट.

शरीर तासाला सात ते दहा ग्रॅमच निपटतं. त्याला घाई करता येत नाही, कॉफी किंवा लिंबूपाण्याने काही होत नाही. भरल्या पोटी चढ सावकाश होते, इतकंच.

म्हणून गाडी लॉजवर ठेवा आणि रिक्षाने जा. परतीचं त्याच रिक्षावाल्याशी आधी ठरवून घ्या, कारण गंगापूर धरणाकडच्या सावरगावच्या बाजूला संध्याकाळी रिकामी रिक्षा सहसा सापडत नाही. गाडी न्यायचीच असेल तर दोघांत एकच टेस्टिंग घ्या. चालवणाऱ्याने नुसता वास घ्यावा, फार तर तोंडात फिरवून थुंकावं. त्यासाठी भांडं मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वयाचा पुरावा जवळ ठेवा. राज्यात वाईनला 21 वर्षं पूर्ण लागतात.

प्रश्न : एप्रिलमध्ये आणलेल्या बाटलीचं बूच वर सरकलं होतं, वाईन आंबट लागली. बनावट होती का? (एक वाचक, बीड)

तापली होती. उन्हात बंद गाडी आतून भट्टी होते. वाईन फुगून बूच ढकलते, फटीतून हवा शिरते आणि आंबटपणा येतो. बाटल्या डिकीत न ठेवता एसी चालू असलेल्या भागात, सीटखाली टॉवेलात गुंडाळून आणा, आणि जेवायला थांबलात तर सोबत उतरवा. घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बुचाची असेल तर आडवी. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला आपल्याकडच्या 40 अंशांच्या खोलीसाठी नाही. तीही फ्रिजमधूनच काढा आणि वीसेक मिनिटांनी ओता. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. स्पार्कलिंग (फसफसणारी) वाईन मात्र उघडल्या दिवशीच संपवावी.